जिंकलो, आणि आहोत तिथेच!

...नाही, पण मला एक सांगा, जिंकून माणसानं जायचं कुठं? तुम्हाला सांगतो, आमच्या वेल्डनच्या बेसबॉल संघानं सात वर्षांत तीनदा अजिंक्यपद मारलंय, तीनदा! आगीच्या बंबावर कप ठेवून गावभर मिरवला, महापौर ढसाढसा रडले... आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच गावांशी, त्याच मक्याच्या शेतांमधून, त्याच खटारा बसनं! जिंकलो, आणि आहोत तिथेच! वर जायला जिनाच नाही हो. वर थोरले तीस संघ बसलेत दार आतून लावून, आणि आम्ही त्यांतल्या एकाचे धाकटे. खेळाडू त्यांचे, पगार त्यांचा, हुकूम त्यांचा. आमचं काय? टोप्या.

तेही निमूट सोसलं असतं. पण माझ्या बहिणीनं, लॉरेननं, लग्न केलं इंग्लंडातल्या ग्रॅहमशी. त्याचं गाव आमच्या निम्म्यानं, फुटबॉलच्या मैदानाला एकीकडे खाटकाचं दुकान, दुसरीकडे कबरस्तान, चेंडू पलीकडे गेला की पाद्री परत फेकतो! आणि मे महिन्यात याचा फोन. "वेंडेल, अरे आम्ही वर गेलो!" म्हटलं, "कुठं वर?" "सगळ्यात वरच्या लीगमध्ये! खालच्या लीगमध्ये पहिले आलो ना!" असं? नुसतं जिंकलात म्हणून? कुणाला विचारावं नाही लागत? "कुणाला विचारायचं?" म्हणतो. "आता ज्यांचे शर्ट सगळं जग घालतं ना, ते लोक आमच्या खोलीत कपडे बदलणार. गरम पाण्याचा नळ एकच, आणि तोही गळका!" आणि खिदळतोय! जळलो हो, लपवत नाही. आठ दिवस घास गोड लागला नाही.

तरी त्या वर्षी आशा होती ती एलादियोची. आमचा पिचर, वय बावीस. राहायचा आमच्याच तळघरात, आमच्या गावात खेळाडूंना असं घरोघरी ठेवून घेतात. चेंडू असा टाकायचा की समोरच्याला दिसायचाच नाही, नुसता आवाज यायचा! आणि तीच तर पीडा. फार चमकला की थोरले उचलून नेणार. मग मी काय करायचो? सकाळी त्याच्या ताटात पॅनकेक, वर अंडी, वर आणखी पॅनकेक, सिरप तर भांडंच उपडं... जरा जड व्हावा म्हणून! आर्लिन, म्हणजे आमची ही, ओरडायची, "अहो, मारताय का पोराला?" म्हटलं, "मारत नाही, ठेवून घेतोय!" अंतिम सामन्यापर्यंत राहू दे रे देवा, एवढंच मागणं.

सप्टेंबरात अंतिम सामना. रविवारची दुपार, शेजारी पाहुणा आलेला ग्रॅहम, हातात हॉट डॉग. पाचवा डाव, आम्ही तीन-शून्यनं पुढे, आणि एलादियो काय टाकतोय, काय टाकतोय! मी उभा राहून बोंबललो, "अरे हळू! हळू टाक!" ग्रॅहम बघतच राहिला. "तुमचाच ना तो?" "आमचाच आहे म्हणून तर!" तेवढ्यात आमचा प्रशिक्षक कानाचा फोन खाली करत मैदानात आला, एलादियोकडे गेला, आणि त्यानं मिठी मारली. झालं! चालू सामन्यात मिठी मारली की समजायचं, माणूस वर चालला. थोरल्यांच्या कुणाचा तरी खांदा दुखावला होता. अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मीही! डोळ्यांत पाणी, आणि हात टाळ्या वाजवताहेत. जाता जाता त्यानं माझ्याकडे बघून टोपी काढली हो...

ग्रॅहमचा घास तोंडातच. "अंतिम सामन्याच्या मधनं माणूस नेला?" "हो." "आणि तुम्ही टाळ्या वाजवता?" "हो!" "आणि हा थोरला संघ आहे कितवा?" "शेवटून पहिला." "मग तो आता खाली येणार!" म्हटलं, "छे! खाली कुणी येतच नाही. उलट शेवटी आले, म्हणून पुढच्या वर्षी देशातली उत्तम पोरं निवडायला पहिला मान त्यांचा!" तुम्हाला सांगतो, हा इसम पांढराफटक पडला. माझं मनगट धरलं. "वेंडेल... शेवटी येऊनसुद्धा... तिथंच राहता येतं?" अहो, जळत होता! माझ्यावर! वर गेल्यापासून पाच सामने खेळले, पाचही हरले, मे महिन्यात पुन्हा खाली ढकलणार म्हणून याला झोप नाही. अरे पण बाबा, पडायला तरी वर गेलास ना!

सामना? जिंकला. तीन-दोन. पुन्हा बंब, पुन्हा कप, पुन्हा महापौर. जिंकलो, आणि आहोत तिथेच! घरी आलो तर तळघरात दोरीवर एलादियोचे मोजे वाळत होते. मी तिथंच पायरीवर बसून रडलो, खोटं कशाला बोलू?

आणि थोरले? शेवटीच आले. मान मिळाला, देशातला एक नंबरचा पिचर निवडला, आणि शिकायला पाठवला कुठं? आमच्या तळघरात! परवा त्याचा पहिला सराव बघून घरी आलो, तर आर्लिन दारातच उभी. "अहो, कसाय नवा?"

मी खुर्चीत बसलो, बूट काढले, म्हटलं, "काय सांगू... फार चांगलाय गं."