मोतीबाईची जागा

(कात्रपमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळचे नऊ. आतल्या खोलीत चर्चच्या मंडळीतल्या बायका बसल्या आहेत. मोतीबाई आणि उन्मेषचे वडील, चर्चचे पंच हरिचंद्र, गॅलरीत उभे आहेत.)

मोतीबाई : मी बसायला नाही आले, साहेब. मला कामावर जायचंय, शेठ अर्धा दिवस कापतो. हॉस्पिटलवाले उन्मेषला कधी ताब्यात देणार?

हरिचंद्र : अकराला. पोस्टमॉर्टेम झालं.

मोतीबाई : आणि तिथून कल्याणच्या सरकारी कबरस्तानात नेणार.

हरिचंद्र : कोणी सांगितलं?

मोतीबाई : पाळकसाहेबांनी. फोनवर रडत होते. म्हणाले, सगळे पंच तयार आहेत, पोराला अंबरनाथला आपल्याच कबरस्तानात ठेवू म्हणतात. एकटा बापच नको म्हणतो.

हरिचंद्र : नियम आहे. वर्षभर जो चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला आला नाही, त्याला मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही. उन्मेष चार वर्षं आला नव्हता.

मोतीबाई : नियम लिहिला कोणी?

हरिचंद्र : मी.

मोतीबाई : आणि पहिल्यांदा लावला कोणाला?

हरिचंद्र : तुम्हाला माहीत आहे.

मोतीबाई : तुमच्या तोंडून ऐकायचंय. बारा वर्षं झाली.

हरिचंद्र : शंकरला. तुमच्या नवऱ्याला. दारू प्यायचा, चर्चला येत नव्हता. तुम्ही त्याला टेम्पोतून गेटपर्यंत आणलंत. मी कुलूप काढू दिलं नाही.

मोतीबाई : मे महिना होता. बर्फ वितळून टेम्पोतून पाणी गळत होतं. तुम्ही म्हणालात, गेटसमोर ओलं नको, गाडी पुढे घ्या.

हरिचंद्र : म्हणालो.

मोतीबाई : मग घेतली पुढे. कल्याणपर्यंत.

हरिचंद्र : म्हणूनच आज माझ्या मुलासाठी ते कुलूप निघता कामा नये. जे शंकरला, तेच उन्मेषला. माझ्या हातून एवढा तरी न्याय होऊ दे.

मोतीबाई : वा रे न्याय! म्हणजे आता माझ्या नवऱ्याच्या बाजूला तुमचा पोरगा. नाताळात मी मेणबत्ती लावायला जाणार, तर तुम्ही तिथे फुलं घेऊन हजर. मेल्यावर तरी त्या माणसाला पंचांपासून सुटका मिळू द्या.

हरिचंद्र : बोला. तुम्हाला अधिकार आहे.

मोतीबाई : मला अधिकार बिधिकार नको. हा कागद धरा.

हरिचंद्र : कसला?

मोतीबाई : चार वर्षांपूर्वी माझी आई गेली, तेव्हा तिच्या बाजूची जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली. पावतीवर तुमचीच सही आहे. ती जागा उन्मेषला दिली, असं खाली लिहिलंय. राखीव जागेत कोणाला ठेवायचं ते जागावाला ठरवतो. हे पण तुम्हीच लिहिलंय, कलम सहा. पाळकसाहेबांकडून वाचून घेतलं मी.

हरिचंद्र : नाही. हे मी घेणार नाही.

मोतीबाई : नियमात बसतंय की.

हरिचंद्र : बसू दे. कुठल्या तोंडाने घेऊ? तुम्ही मला माफ केलंत?

मोतीबाई : नाही.

हरिचंद्र : मग हे कशासाठी?

मोतीबाई : खरं सांगू? काल दुपारी कळलं, उन्मेषची बाइक ट्रकखाली गेली. मी कॅम्प दोनच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापत बसले होते. पहिल्यांदा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बाजूच्या बाईला म्हटलं, आज चाय माझ्याकडून. घरी जाऊन प्रार्थनेला बसले, तर तोंडातून शब्द निघेना. एका आईचं पोर गेलं आणि मी चहा पाजला. मला माझीच घाण वाटली, साहेब. तरी आज सकाळी जाग आली. नळाला पाणी होतं. बाहेर लख्ख उजाडलं होतं. माझी लायकी बघून कोणी काही थांबवलं नव्हतं.

हरिचंद्र : आत मघाशी कोणीतरी म्हणालं, देव चांगला आहे. मी उठून इकडे आलो. पस्तीस वर्षं प्रार्थनेत बोलतोय, प्रभू, आम्ही अपात्र आहोत. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे दुसरे असायचे. शंकर असायचा.

मोतीबाई : आणि उन्मेष?

हरिचंद्र : त्याने चर्च सोडायला काही कारणही नव्हतं. रविवारी झोपायचा. मी दार वाजवायचो, तो आतून म्हणायचा, पप्पा, पुढच्या रविवारी नक्की. आता मी प्रार्थना करायला जातो आणि समोर कोणीच नसतं. रिकामं. तुम्ही ती जागा मला देऊ नका, मोतीबाई. मला शिक्षा हवी आहे.

मोतीबाई : मी तुम्हाला देतच नाहीये. पोराला देतेय.

कुमुदिनी : (उन्मेषची आई, आतून गॅलरीत येत) आणा तो कागद. मी घेते.

हरिचंद्र : कुमुदिनी, तू आत जा.

कुमुदिनी : मोरीची खिडकी उघडी आहे, सगळं ऐकू आलं. शिक्षा तुम्हाला हवी आहे, आणि पोराला पाठवताय कल्याणला? माझे गुडघे असे. मी किती वेळा जाणार तिथे? मोतीबाई, शंकरभाऊंना परत पाठवलं त्या दिवशी हे घरी येऊन जेवले. मी वाढलं. सगळं माहीत होतं, तरी एक शब्द बोलले नाही. माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही. तरी घेते.

मोतीबाई : घ्या, वहिनी.

हरिचंद्र : आणि तुम्ही? तुम्हाला कुठे ठेवतील?

मोतीबाई : मला काय माहीत. शंकरकडे लोटतील. भांडायला कोणीतरी होईल त्याला.

हरिचंद्र : मी गेटवर येऊ नये, असं वाटत असेल तर...

मोतीबाई : वाटतंय. पण या. आता राजूला फोन लावते, कबर खणायला त्याला दोन तास लागतात. तो माप विचारेल. उंची किती होती?

हरिचंद्र : पाच फूट अकरा.

कुमुदिनी : तो सगळ्यांना सहा सांगायचा.

हरिचंद्र : अकराच. मी स्वतः मोजली होती.

मोतीबाई : हॅलो, राजू? ऐक रे. माझ्या आईच्या बाजूला. हो, माझीच जागा. सहा फुटाचा माणूस आहे.