प्रशियावाली

तुळसाबाई : तिरोडीवाली, वो तिरोडीवाली. बहिरी झाली का?

शीला : आत्याबाई, माह्या नावानं बोलवान तर येईन. लग्नाले वरीस झालं. शीला म्हणा ना.

तुळसाबाई : सून ज्या गावची, त्या गावची वाली. मी जन्मभर खैरलांजीवाली हाओ, मले काटे टोचले का?

सरिता : माय, थांब. वहिनी, तू बी आयक, लय मजा हाये. आज कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी सांगतलं. विलायतेत एक झाड असते, स्प्रूस. बारा महिने हिरवं.

शीला : आपला साग तर उन्हाळ्यात नागडा होते.

सरिता : हौ, हे लाजरं हाये, कपडे काढतच नाही. तर त्याचं लाकूड इंग्लंडले जहाजातून येत जाय, प्रशिया म्हणून देश होता तिथून. आन् जुने इंग्रज त्या देशालेच स्प्रूस म्हणत. मंग झाडाचं नावबी तेच पडलं. म्हणजे का, तर आपल्या भाषेत प्रशियावाली.

तुळसाबाई : पाह्य. इंग्रजालेबी अक्कल हाये.

शीला : झाडाले तोंड नाही म्हणून चाललं.

सरिता : आन् प्रशियाच्या चामड्याचे कोट घालून गोरे इतके मिरवत, का नटून-थटून राहणाऱ्यालेबी स्प्रूसच म्हणाले लागले.

तुळसाबाई : मंग तं इले शोभतेच. आरशापुढून हटत नाही.

शीला : आन् तो देश कुठं हाये आता?

सरिता : नाहीच ना. दुसऱ्या महायुद्धानंतर जिंकणाऱ्यायनं नकाशातून पुसून टाकला. लोकं कुठं कुठं गेले. झाडावर नाव तेवढं राह्यलं.

(शीला हातातलं सूप खाली ठेवते.)

सरिता : का झालं वहिनी?

शीला : सकाळी आत्याबाई वावरात होत्या तवा भाऊ आलता. बाबा खदानीतून रिटायर झाले ना, क्वार्टर खाली केला. सारे गोंदियाले गेले काकाकडं. तिरोडीत आता आमचं कोणी नाही.

तुळसाबाई : मले काहून नाही सांगतलं?

शीला : तुमी म्हणान, बरं झालं, माहेरी जायची कटकट गेली.

तुळसाबाई : म्हटलं असतं. तोंडच तसं हाये माहं. पोळ्याले गोंदियाले जाऊन ये. आन् आता उठ, चहा ठेव, शीला.

सरिता : वहिनी, आयकलं का? माय नावानं बोलली.

शीला : आयकलं. आत्याबाई, नावानं उद्यापासून बोलवा. आज तिरोडीवालीच राहू द्या.

तुळसाबाई : बरं. साखर जरा जास्त टाकजो. तुह्या कपातबी.