साडेछत्तीस

निइगाताच्या इस्पितळात ओरिए आपल्या क्रमांकाची वाट पाहत होती. शेजारी एक म्हातारा आणि त्याची मुलगी बसली होती. म्हाताऱ्याची नात आत तपासणीला गेली होती. ओरिएच्या हातातल्या मासिकाचे पान बराच वेळ उलटले नव्हते.

"तामाकी, विषाणू तर महिन्यापूर्वीच गेला म्हणतात. मग चिहाया मला हाक मारताना अजून का अडखळते?"

"बाबा, डॉक्टर म्हणाले ना, मेंदूला स्वतःचे पहारेकरी असतात. चोर पळाला तरी त्यांच्या लाठ्या थांबत नाहीत, घरातलंच फोडत सुटतात. म्हणून सूज."

"त्या दिवशीच आणलं असतं तर?"

"तीनदा विचारलंत त्यांना. सांगता येत नाही म्हणाले."

"तू कामावर गेलेलीस. ताप साडेअडतीस होता, अंग भाजत होतं. शाळेच्या रोजच्या तापमानाच्या कार्डावर मी साडेछत्तीस लिहिलं, ताप नाहीच असं, आणि पाठवलं तिला. तीन वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता गं, पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र आठवड्यावर आलेलं."

"तुमची सहा आहेतच की भिंतीवर."

"काल उतरवली."

"बरं केलंत."

"चौकोन उमटलेत. सहाच्या सहा."

दार उघडले. चिहायाचा हात धरून परिचारिका बाहेर आली.

"आजोबा, हिची तापमापी वाचून आकडा या कागदावर लिहून द्या."

"तामाकी, तू लिही."

"चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे, बाबा."

"मी वाचतो. लिही तू."

"सांगा."

"छत्तीस पूर्णांक नऊ दशांश. ते नऊसुद्धा लिही, तामाकी. काही सोडू नकोस."