त्या आगीत माझा माणूस होता

माझं माहेर पारोळ्याकडचं, ताई. बाप जत्रेत गोडीशेव विकायचा, आणि जत्रा म्हटली की तंबूतला सिनेमा आलाच. आमचं दुकान तंबूच्या मागच्या अंगाला असायचं, म्हणून मी पिक्चर पाहिले ते सगळे पडद्याच्या मागून. मागून चित्र दिसतं तसंच दिसतं, फक्त उलटं. हिरो डाव्या हातानं मारायचा. माले लई वर्षं वाटायचं की हिरो लोक डावखुरेच असतात. लग्न होऊन सुरतला आली न् पहिल्यांदा खुर्चीवर बसून पिक्चर पाहिला तवा कळलं, की अरे, हा तं उजव्या हातानं मारतो. आमचे हे हसले होते तेव्हा. त्यांचं नाव गुलाब. आता लग्नाला एवढी वर्षं झाली, नाव घ्यायला काय लाजायचं.

गुलाब सुरतच्या उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होते. तुम्ही कधी खात्यात गेल्या का? दारात उभं राहिलं तरी आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. बारा तासांची पाळी, चार चार मशीन एकाच माणसाकडे, खटाखट खटाखट. मी घरी साड्यांचे दोरे कापायची, पर्वत पाटिया भागातून गठ्ठे यायचे. खात्याला रजा असली की आम्ही दोघं तीनच्या शोला जायचो. जेवण आवरायचं, ज्योती लहान होती, तिला काखेत घ्यायचं न् निघायचं. दुसरी काही हौस नव्हती आम्हाला. साडी नाही, सोनं नाही, पिक्चर.

त्यांचे कान गेलेले आम्हाला पिक्चरमधेच कळले, तुम्हाला खरं सांगते. घरात मी मोठ्यानं बोलायची, खातेवाल्यांच्या सगळ्या बायका मोठ्यानंच बोलतात, त्यामुळे घरात काही समजलं नाही. पिक्चरमधे एक दिवस मला विचारायला लागले, काय बोलना तो? मंग दर दोन मिनिटाला, काय बोलना, काय बोलना. डॉक्टर बोलला की मशीनच्या आवाजानं नस मेली, आता येणार नाही. घरी आल्यावर ते तोंड फिरवून बसले. मी म्हटलं, त्यात काय, मी सांगत जाईन ना. आणि मी सांगत गेली ताई. दहा वर्षं. तोंड त्यांच्याकडे करायची, ओठ हलवायची, हातानं खुणा करायची. ते ओठ बरोबर वाचायचे. हिरोचे बी ओठ वाचायचे, तोंड जवळून दाखवलं तं. जे राहिलं ते मी सांगायची. अर्धा पिक्चर मी पडद्यावर पाहिला न् अर्धा त्यांच्या तोंडावर पाहिला.

मारामारीचे पिक्चर आम्हाला जास्त आवडायचे, त्याचं एक कारण हे बी होतं की त्यात बोलणं कमी. पण खरं कारण वेगळं. तेव्हाचा हिरो आमच्यातला असायचा. गोदीत, खाणीत, मिलमधे काम करायचा. पहिले मार खायचा, लई खायचा, मंग मारायचा. घरी त्याची आई शिलाई मशीनवर बसलेली असायची. त्याला भूक लागायची. आता हसाल तुम्ही, पण हिरो भाकरी खातो का नाही, हे मी पाहते. जो खात नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

मंग हे नवे मोठे पिक्चर आले. सुरतला प्लेग आला त्याच्या नंतरची गोष्ट सांगते, तेव्हा आम्ही गावाला पळून गेलतो न् परत आलतो. परत आलो तं थेटरात नवीन मशीन बसलेलं, चारी भिंतींना भोंगे. बाहेरच्या देशाचे पिक्चर हिंदी बोलायला लागले. एक गाडी नाही, पन्नास गाड्या उडायच्या. विमानं, पूल, उंच उंच बिल्डिंगी. पहिल्या दिवशी त्या पडद्यावर पूल पडला तेव्हा गुलाबनं माझा हात गच्च धरला न् म्हणाले, छातीमा ऐकू येई राहिनं. कानानं नाही, छातीनं. त्यांच्या डोळ्याला पाणी आलं होतं. त्या दिवसापासून मी त्या पिक्चरांना नाव ठेवलं नाही. मनात यायचं, की त्या उडालेल्या गाडीत कोण बसलं होतं, त्याच्या घरी कोणी सांगायला गेलं का? पण मी म्हणायची, जाऊ दे, माझ्या माणसाला ऐकू येऊन राहिलं ना.

तर अशात एक दिवस भास्करदादा आले. भास्करदादा म्हणजे खात्यातले मुकादम, आमच्याच गल्लीत राहायचे, बोरकुंडकडचे. म्हणाले, सचिन गावाकडे बंद मिल आहे तिथं मुंबईची कंपनी शूटिंग करून राहिली. मोठा पिक्चर आहे, हिरो हवेत उडतो, तोंडावर मुखवटा घालतो न् गरिबाला वाचवतो. मिलला आग लागते न् तो मजुरांना उचलून बाहेर आणतो, त्यांना खरे लूमवाले पाहिजेत. अख्खी गल्ली गेली ताई. मी ज्योतीला घेऊन गेली, दोरीच्या मागे बायकांमधे उभी राहिली.

तिथं एक टोपीवाला माणूस होता, डायरेक्टर साहेबांच्या हाताखालचा. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं न् गुलाबला पुढे काढलं. चेहरा चांगला आहे म्हणे, हाडं दिसतात. हिरो तुम्हालाच उचलेल. गुलाबनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, लग्नात बी एवढे खूश दिसले नव्हते. मी दोरीखालून गेली न् त्या टोपीवाल्याला सांगितलं, साहेब, यांना ऐकू येत नाही, तुम्ही भागो म्हणाल ते यांना कळणार नाही, हाताची खूण करा. तो बोलला, चिंता नको काकी, मी लाल कपडा हलवेन, कपडा हलला की पळायचं. मी ते गुलाबला ओठांनी सांगितलं. तीन वेळा सांगितलं.

उडणारा माणूस हिरो नव्हताच. दुसरा एक होता, त्याच कपड्यात, तारेला बांधलेला. आम्हाला ते चालतं, आम्हाला माहीत असतं. त्यांनी आग लावली, धूर सोडला, आणि धूर एवढा झाला की मला बाहेरून तो लाल कपडा दिसेना, मंग आतून कुठून दिसेल? सगळे पळून बाहेर आले. तारेवाल्याला वर ओढून घेतलं. हे आत उभे. कपड्याची वाट पाहून राहिले. मी ओरडून राहिली, पण मी ओरडून काय उपयोग होता, सांगा. मंग धडाका झाला. भास्करदादा आत पळाले, एकटेच, न् त्यांना ओढत घेऊन आले. डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत पेटलेला. कोणीतरी ओलं पोतं टाकलं.

कंपनीच्या जीपमधे बसवलं तेव्हा हिरो स्वतः आला. मुखवटा काढून आला. गुलाबच्या खांद्यावर हात ठेवला न् हळूहळू बोलला, ओठ नीट दिसतील असा, कोणी सांगितलं असेल त्याला. म्हणाला, चाचा, तुम्हारा सीन रहेगा, मैं तुम्हें उठाके लाऊंगा, ये मेरा वादा है. बाकीचं मुंबईला जोडून घेतात म्हणे, माणूस इथला, उडणं तिथलं.

दवाखान्यात महिना गेला. भास्करदादा म्हणाले, वहिनी, आपण पोलिसात लिहून देऊ, मी साक्षीला आहे. माझं बी तेच म्हणणं. पण गुलाब नाही म्हणाले. त्यानं मला शब्द दिला, मी त्याच्यावर केस करू का? जळालेल्या हाताचा माणूस हसून बोलत होता ताई. वॉर्डात सगळ्यांना सांगायचे, पिक्चर लागला की पाहा, मला हिरो उचलतो. हात आखडला. लूमवर धागा तुटला की झटकन गाठ मारावी लागते, ते जमेना. खातं सुटलं. वर्षभर त्या पिक्चरची वाट पाहिली, जशी पोरीच्या लग्नाची पाहतात तशी.

पिक्चर लागला. पोस्टरवर तो मुखवटेवाला, मागे आग. लोक सांगायचे की आजपर्यंत एवढा खर्च कोणी केला नाही. आम्ही सगळी गल्ली तीनच्या शोला. गुलाबनं इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. भास्करदादा त्यांच्या एका बाजूला, मी एका बाजूला, ज्योती माझ्या पलीकडे.

इंटरव्हलच्या नंतर मिल आली. ती मिल व्हिलनचा अड्डा होती. मजूर कुठंच नव्हते. आमचेच लोक, आमच्याच गल्लीतले, पण ते सगळे त्याचे गुंडे. आणि तो मुखवटेवाला वरून उडत आला न् त्यानं स्वतः आग फेकली. स्वतः. मंग धूर, पळापळ, आणि धुरात एक माणूस उभा. माझा माणूस. कपड्याची वाट पाहत उभा. त्याच्या हातानं पेट घेतला. ती खरी आग होती ताई, ते त्यांनी तसंच ठेवलं, हळू करून दाखवलं. आणि थेटरात शिट्ट्या. टाळ्या. पुढच्या खुर्च्यांवरचे उभे राहून नाचले.

वरून तो मुखवटेवाला काहीतरी बोलला न् लोक आणखी हसले. त्याचं तोंड झाकलेलं, ओठ दिसेनात. गुलाबनं माझ्याकडे पाहिलं. काय बोलना तो?

तो बोलला होता, कचरा साफ.

मी काय केलं सांगू? मी खोटं बोलली. ओठांनी सांगितलं, तो म्हणतो, आत अजून कोणी आहे का, मी येतो. दहा वर्षांत एक डायलॉग खोटा सांगितला नव्हता. गुलाबनं पडद्याकडे पाहिलं, मंग आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं, ते हसत होते. मंग परत माझ्याकडे. खरं सांग, म्हणाले. मी सांगितलं. ते म्हणाले, तू बी? बस एवढंच. न् उठले. कोणाच्या पायावर पाय पडला त्यानं शिवी दिली, ती त्यांना ऐकू आली नाही, मला आली.

बाहेर कडक ऊन. ते थेटराच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांचं लक्ष नव्हतं. आखडलेल्या हाताकडे पाहत म्हणाले, जळणा ते जळणा, पण माले गुंडा करी टाकं. तुम्हाला समजलं ना? जळालो ते जळालो, पण मला गुंड करून टाकलं. आमच्या गावचे लोक पाहतील, माझा बाप पाहील, की गुलाब सुरतला जाऊन असा झाला.

भास्करदादा थेटरच्या मॅनेजरकडे गेले, तो बोलला, आम्ही फक्त लावतो, बनवणारे मुंबईत. मुंबईला दोन पत्रं लिहिली, रजिस्टर. उत्तर नाही. पोलिसात गेलो तं त्यांनी विचारलं, वर्षभर कुठं होते? काय सांगणार, शब्दावर बसलो होतो म्हणून? गल्लीतले लोक वाईट नाहीत, पण मस्करी करायचे, काय व्हिलन, चहा घेता का. गुलाबला मस्करी ऐकू येत नव्हती, पण ओठ वाचता येत होते.

माझ्याशी ते बरेच दिवस बोलताना डोळे खाली ठेवायचे. बहिऱ्या माणसानं डोळे खाली ठेवले म्हणजे दार लावून घेतल्यासारखं आहे. हिरोनं धोका दिला, त्याचं दुःख त्यांना झालं, पण हिरो परका. मी त्यांचा कान होती ना. एक दिवस मीच त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं न् म्हटलं, मला तुम्हाला त्या टाळ्यांपासून वाचवायचं होतं. ते म्हणाले, टाळ्या माले दिसू राहिंत्या. इतकं बोलले न् रडले, मंग मी बी रडली. त्या दिवसापासून परत बोलायला लागले.

आता ते कामरेजला एका छोट्या कारखान्यात गेटवर असतात. तिथं शांत आहे, त्यांना काय उपयोग, पण हाताला सोपं. थेटरात पाय ठेवत नाहीत. ज्योती मोठी झाली, गुजरातीत बोलते मैत्रिणींशी, तिला हेच उडणारे पिक्चर आवडतात. मला म्हणते, मम्मी, ते खोटं असतं, कशाला मनाला लावून घेते. मी तिला अडवत नाही. पण माझ्याकडून बघवत नाही. परवा शेजारी टीव्हीवर चालू होतं, एक अख्खी बिल्डिंग खाली आली न् हिरो पुढे चालत येऊन राहिला, मागे वळून पाहत नाही, त्याला ते मोठेपण वाटतं. मी उठून आली. एवढा खर्च करतात, ताई, एवढी अक्कल लावतात, न् एक माणूस मागे वळून पाहणारा लिहीत नाहीत.

भास्करदादांना मात्र मी दर भाऊबीजेला ओवाळते. आत पळाले ते एकटेच, आणि त्यांचा सीन कुठंच नाही.

तुम्ही लिहून राहिल्या, लिहा. तुमची लेकरं पिक्चर पाहतील, पाहू द्या, मजा करू द्या, देव त्यांना सुखी ठेवो. फक्त पडद्यावर आग लागली न् लोक टाळ्या वाजवायला लागले, की त्यांना म्हणा, हात थोडा आवरा, आणि धुरात कोणी उभं आहे का ते आधी नीट पाहा.