डेलिशाच्या घरात काळोख

नाही, पण सवयीने एवढं नडावं? तेही लग्नाचं विचारायला गेल्यावर!

तुम्हाला सांगतो, पुण्याला लॅबमधे आमची खोली म्हणजे मिट्ट काळोख. आत शिरलं की पहिला हात बटणावर, दिवा बंद, आणि मग मायक्रोस्कोपखाली... अहाहा! रंग लावलेल्या पेशी चमकतात हो, हिरव्या, लाल, आभाळात तरंगल्यासारख्या! त्यातली एक हिरवी, आपल्या शरीराची पहारेकरीण, रमतगमत एकेकीला गाठते. चिकटते, चाचपते, मग ठरवते! घरची असली तर सोडून पुढे, रोगट निघाली तर तिथेच खेळ खलास. बघता बघता मी जेवण विसरतो, फोन विसरतो... डेलिशा म्हणते, "एक दिवस मलाही विसरशील!"

तर तिच्या घरी, कोकणात आरोंद्याला गेलो. होकार-नकार सगळा तिच्या आईच्या, कार्मेलिना आंटींच्या हातात. संध्याकाळ झालेली, खाडी अशी निळी, इतकी निळी की मी तिच्यातच... आणि दारातून आत शिरताना हात गेला बटणावर. खट्!

"कोण रे तो? लाईट कोणी बंद केल्यान?" आतून आंटी.

"ममा, नितेश गो... पुण्याचो!" मागून डेलिशा.

"मग काळोख कित्याक केल्यान?"

काय सांगू? पेशी बघायच्यात म्हणून? बटण चाचपतोय तर सापडेना, तोवर एक ओला, माशाचा वास येणारा हात दंडाला येऊन चिकटला. दंड, खांदा, बरगड्या... चिकटते, चाचपते...

"हाडां लागतत रे तुजी! जेवतंस तरी काय?"

"विसरतो..."

"आणि ह्येका माजा चेडू देवचा?"

म्हणजे पोरगी द्यायची नाही! झालं! खेळ खलास! पण तो हात काही सुटेना, आणि खोटं वाटेल तुम्हाला, मला त्या काळोखात छानच वाटायला लागलं, तरंगतोय असं... ती पेशीही अशीच थांबते हो, चिकटते, चाचपते, मग...

डेलिशाने दिवा लावला. आंटींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी गुपचूप खुर्चीकडे वळलो.

"थंय खंय बसतंस? खुर्ची पावण्यांची! ही घे विळी, नारळ खवण. आज पोटभर जेवल्याशिवाय सोडूचंय नाय तुका!"

झालो ना घरचा! मी खाली बसून नारळ खवतोय आणि खुर्चीत डेलिशा, पायावर पाय टाकून, हसतेय! तुम्हाला सांगतो, परका होतो तोवर निदान चहा तरी मिळणार होता...