मेडलची कड

वेशीतल्या नव्या कमानीवर गावातल्या शूरवीरांची नावं लिहायची ठरली. मी रिटायर फौजी, म्हणून सरपंचानं मेडल तपासायचं काम माझ्यावर घातलं.

भानुदासअण्णा फौजेत कपड्याच्या स्टोअरला होता. त्यानं शौर्याचं मेडल पुढं ठेवलं. मी कड फिरवली. खऱ्या मेडलच्या कडेवर जवानाचं नाव कोरलेलं असतंय. नाव निघालं काशिनाथचं. माझ्याच पलटणीतला, लढाईत गेला.

"अण्णा, हे काशिनाथचं हाय."

"त्याच्या बायकोनं पेन्शनच्या कागदाला दिलतं."

"झाली का पेन्शन?"

"कागदं चालू हायत."

सरपंचाला सांगितलं. तो म्हणला, "कमान अण्णाच्याच पैशानं होतीय बे."

कमानीवर अण्णाचं नाव लागलं. काशिनाथची बायको मेडल मागायला गेली, तर अण्णा म्हणला, "फौजीनं तपासूनच नाव लागलंय."

आता ती माझ्याकडं बघत बी न्हाई.