मऊ बोल्ट

विठ्ठलवाडी डेपोसमोरच्या एसटीडी बूथवर वैष्णवीचा नंबर दुसरा होता. वक्तृत्वात पहिली आल्याची बातमी मावशीला सांगायची होती, आणि ती पोटात मावत नव्हती नुसती! तेवढ्यात मागचं जोडपं बोलायला लागलं आणि तिचे कान तिकडेच गेले.

"अहो, गल्फची नोकरी सोडून आलात ना कायमचे? मग तिकडे फोन कशाला?"

"माया, गॅसच्या पाइपांचे बोल्ट मीच निवडलेले. कडक, मजबूत. जोड उघडे होते, म्हणून चालले. काल ईमेलवर फोटो आला. धुळीपासून जपायला जोडांवर कव्हरं चढवलीयत."

"मग बरंच की."

"बरं कसलं! विषारी गॅस आहे तो. जरा झिरपला की कव्हरात कोंडतो, कडक बोल्टला चीर पाडतो. बोल्ट अचानक तुटतो. तिथे मऊच बोल्ट पाहिजेत."

"मग सांगा, बदलतील."

"सांगितलं की मलाच परत बोलावणार. ते काम दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही."

"तुम्ही कायमचे आलात म्हणून परवाच मोठा कुकर काढलाय मी माळ्यावरून."

"म्हणून तर विचारतो. गप्प बसू?"

"त्या पाइपांजवळ कोण असतं?"

"शिफ्टची माणसं. केरळची, बिहारची."

"आणि त्यांच्या बायका?"

"गावाला. तुझ्यासारख्याच."

बूथ रिकामा झाला. वैष्णवी बाजूला सरकली.

"काका, तुम्ही जा आधी."

"जा, लावा फोन," माया नवऱ्याला म्हणाली. "पहिलं त्या माणसांना तिथून लांब करायला सांगा."

"आणि मला किती महिने लागतील ते..."

"ते आत्ता विचारू नका."